जिलानीचा कान

पहाटेपासून शहीली सुटली होती. वाळवंटाकडून येणारा हा वारा तापल्या तव्यासारखा तोंडावर आदळत होता. आठ वाजायच्या आत जिलानी मिस्त्रीनं गॅरेजच्या दारातली वाळू दोनदा झाडली होती, आणि आता तो उकिडवा बसून डिझेलच्या ताटात भिजत घातलेले नटबोल्ट निवडत होता. तेवढ्यात मबरूका खाला आपली नवऱ्याच्या वेळची पिकअप घेऊन दारात थांबली.

"बघून घे शेवटचं," ती म्हणाली. "दुपारी भंगारवाला हमदा न्यायला येणार. इंजिन मेलंय म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"कहवाखान्यातले सगळे."

जिलानीनं हातातला बोल्ट ताटात आपटला. ततावीन गावात गाडीचं दुखणं आधी कहवाखान्यात जायचं. तिथं पत्ते कुटणारे त्याच्यावर औषधपाणी करायचे, आणि घरघर लागली की मग जिलानी! चाळीस वर्षं हाच राग तो चघळत आला होता.

"त्या बिनकामाच्या हकिमांनी काय काय बदलायला लावलं?"

"पंप, प्लग, कॉइल. दोन शेळ्या विकल्या त्यापायी. तरी चढावर मरतेच मेली. मग पंप उन्हानं तापला म्हणून त्यावर ओलं फडकं टाकते, चहा पिते, की लागते परत."

"म्हणजे फडक्यानं लागते?"

"नाहीतर काय तुझ्या शिव्यांनी?"

"पहाटेच्या गारव्यातही बंद पडते?"

खालानं आठवून बघितलं. "पडते खरी."

"मग उन्हाचा काय संबंध? फडक्याचा काय संबंध?" तो ओरडला. "गधड्यांनो! चल, गाडीत बस!"

ही पिकअप गेली तर सोमवारच्या बाजारात शेळ्या न्यायच्या कशा, हे खाला बोलली नाही. पण रस्ताभर तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं. जिलानी खिडकीला कान लावून गप्प होता. चढ अर्धा झाला, इंजिनाचा आवाज बसत गेला, गाडीनं दोन आचके दिले आणि थांबली. खालानं सवयीनं फडकं उचललं.

"ठेव ते खाली!"

त्यानं बॉनेटला हातही लावला नाही. मागं जाऊन टाकीचं झाकण पिळलं. स्सस्स करून टाकीनं हवा आत ओढली, बुडता माणूस वर येऊन श्वास घेतो तशी.

"ऐकलंस? टाकीत हवा जायला वाटच नाही. पेट्रोल पुढं जाणार कसं? चहा पिईस्तोवर कुठून तरी चिमूटभर हवा शिरते, आणि नाव फडक्याचं!" झाकणाच्या आत ट्यूबचं जाड रबर बसवलेलं होतं, भोकासकट सगळं बुजवून. "कुठल्या आंधळ्यानं हे कापलं? हात तोडले पाहिजेत त्याचे!"

मबरूका खाला झाकणावर वाकली.

"ईदच्या आधी पेट्रोल डचमळून सांडत होतं. तूच नाही का बसवलंस?"

जिलानीनं रबर उलटं केलं. कडेला कात्रीची खाच. त्याच्या कात्रीचं पातं दोन वर्षांपासून एका जागी तुटलेलं होतं, प्रत्येक कापाला अशीच खाच पडायची.  मग त्यानं खिशातला सुईसारखा बारीक दाभण काढला आणि इतक्या त्वेषानं रबराला भोक पाडलं, की टोक तळहातात रुतलं.

"रक्त येतंय, लेका."

"येऊ दे!"

परत येताना पिकअप एकदाही अडखळली नाही. गॅरेजपुढं हमदा वेळेआधीच ट्रक लावून उभा, आणि शेजारी कहवाखान्यातले तिघंचौघं तमाशा बघायला जमलेले.

"मग, कुणाचा गाढवपणा निघाला, उस्ताद?" एकानं खवचटपणे विचारलं.

 एखादं खोटं जिलानीच्या जिभेवर आलंही असेल.

"माझा," तो खेकसला. "आणि पंप, प्लग, कॉइल बदलायला लावणारा तुमचा. हमद्या, ट्रक काढ, माझं दार अडलं!"

मग खालाकडं न बघता म्हणाला, "तुझा जुना पंप घेऊन ये. चांगला असेल, विकून देतो. शेळ्यांएवढे पैसे नाहीत येणार."

"ठाऊक आहे," खाला म्हणाली आणि गियर टाकला.

तो ताटापाशी बसला. वाऱ्यानं डिझेलवर वाळूची साय धरली होती. दुखऱ्या हातानं ती बाजूला सारून तो एकेक नट निवडू लागला.