तिसऱ्या डोळ्याचा भुंगेरा

आमच्या सौभाग्यवतींचे थोरले बंधू, म्हणजे भाऊ, यांच्याइतका निरुपयोगी विद्वान अख्ख्या पालघर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. बोईसरच्या कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं भजनाला जातात, निदान सोसायटीत भांडतात. भाऊंनी सुकी मासळी आणि कातडी खाणाऱ्या भुंगेऱ्यांचं कुळ हाती घेतलं. जेवायला ते रोज आमच्याकडे. कुठला भुंगेरा कुठल्या शाखेतला, हे ऐकता ऐकता आमटी गार होते. स्वतःच्या चुलतभावांची नावं मात्र त्यांना आठवत नाहीत.

दांडीच्या मासळीबाजारात लोक चांगले बोंबील घ्यायला जातात, हे किडके घ्यायला जायचे. भर गिऱ्हाइकांत त्यांनी एका मावशीला किडके आहेत का म्हणून विचारलं, तेव्हा दोन बायका हातातले बोंबील टाकून उठल्या. "माज्या बोंबलात किडा नाय हाय. तुमी फुडं जा," मावशी म्हणाली. भाऊ कसले पुढे जातात. दर आठवड्याला तेच विचारत राहिले. शेवटी कंटाळून ती टोपलीच्या तळचा खराब माल त्यांच्यासाठी बाजूला ठेवू लागली.

त्याच मालात तो सापडला. या कुळातल्या बहुतेकांच्या कपाळावर बारीकसा तिसरा डोळा असतो, फक्त सुक्या मासळीवर जगणाऱ्या शाखेला नसतो, असं भाऊ सांगत. हा त्याच शाखेतला, आणि याला होता. म्हणजे त्या मसुराएवढ्या किड्यापायी साऱ्या कुळाची मांडणी बदलणार. पुण्याच्या एका तज्ज्ञ बाईंचं तो बघायला यायचं ठरलं आणि भाऊंनी नवा शर्ट शिवून घेतला. जन्मात एकदा तरी कुणा जाणत्यानं आपलं ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं.

अक्कल अशी, की टाचणीला लावलेला तो एकुलता एक भुंगेरा त्यांनी जिवंत अळ्यांच्या डबीत ठेवला. भावकी शेजारी असली की तुलना सोपी, म्हणे. अळ्या मरतील म्हणून डांबरगोळीही नाही. या कुळाला वाळलेले किडेही चालतात, हे त्यांनीच मला शंभरदा ऐकवलं होतं. बाईंसमोर डबी उघडली, तर टाचणी आणि चिमूटभर भुगा. भाऊंनी आधी काढलेल्या फोटोत नुसता ठिपका दिसत होता. "होता हो. मी पाहिलाय," एवढंच भाऊ म्हणाले. दुसरा मिळाला तर कळवा, असं सांगून बाई चहा पिऊन गेल्या.

मला हसू आवरेना. बायकोनं डोळे वटारले.

तेव्हापासून भाऊंनी दांडी सोडली. मुकाट जेवतात. आमटी गरम असते, पण मला काही ती गोड लागेना. परवा मीच स्कूटर काढली, मावशीपुढे उकिडवा बसलो आणि कुणी ऐकत नाही ना हे बघून किडके आहेत का म्हणून विचारलं.

"त्या बाबांचे ठेवलेत," ती म्हणाली. "आजारी हायत का ते?"

घरी येईपर्यंत स्कूटरला वास लागला होता. पिशवी भाऊंच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा मागितला. त्या दिवशी आमटी पुन्हा गार झाली.