समुद्राकाठी चालू असलेले लूम

मी लहानपणापासून तोंडाळ. गल्लीत कुठंही भांडण पेटलं की आई आधी मला आत ओढायची आणि मग काय झालं ते विचारायची. त्यामुळं मी एखादी गोष्ट वर्षानुवर्षं पोटात ठेवली, असं सांगितलं तर माझ्या माहेरी कुणाचा विश्वास बसणार नाही. पण ठेवली. ती मला समुद्राकाठच्या एका घरात मिळाली, बारा वर्षांची असताना. तिथल्या तिथं बोलून टाकली असती तर आज हे लिहीत बसले नसते.

बाबा भिवंडीत पॉवरलूमच्या शेडमध्ये जॉबर होते. कारागीर लूम चालवतो आणि बिघडला की जॉबर तो दुरुस्त करतो. चांगला जॉबर शेडमध्ये पाय ठेवतो आणि आवाजावरूनच सांगतो, पलीकडच्या तिसऱ्या लूमचा धोटा नीट बसत नाहीये. बाबांचं यात नाव होतं. कारागीर त्यांना उस्ताद म्हणायचे. चाळीस लूम एकदम चालले की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळं हातांनी चालतं. चहा, धागा तुटला, शेठ आलाय, प्रत्येकाची खूण ठरलेली. बाबांनी मला त्या सगळ्या शिकवल्या होत्या आणि घरीही ते अर्धं हातांनीच बोलत. आमच्या घराच्या दोन्ही अंगांना शेड होत्या. आम्ही सगळेच ओरडून बोलायचो, आणि माणसं अशीच बोलतात अशी माझी समजूत होती.

त्या वर्षी मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळाला. निम्मे कारागीर तसेही मुलुखाला गेलेले. शेठनं आठवडाभर शेडला कुलूप लावलं. आई दवाखान्यात आया होती. तिथल्या एका सिस्टरचं माहेरचं घर वसईच्या पुढं एका लहानशा गावात, अगदी समुद्रावर, रिकामं पडलेलं होतं. तिनं किल्ली पुढं केली तेव्हा आईनं पहिलं विचारलं, "पाणी कुठलं भरायचं?" सिस्टर म्हणाली, "आमच्याच विहिरीचं. दुसरं कुठलं?" मग आई तयार झाली. तोवर आमची सहल म्हणजे अकलोलीची गरम पाण्याची कुंडं, सकाळी जायचं आणि दिवेलागणीच्या आत परत. पाच दिवस मुक्कामाला जायचं म्हटल्यावर मी आठवडाभर गल्लीत मिरवले असते, पण निघायला एकच दिवस होता.

घर दोन खोल्यांचं, कौलारू. पुढं ओटा, मागं नारळ, त्यामागं सुरूची झाडं आणि मग वाळू. आईनं कोळणीकडून ताजे बोंबील घेतले, भाकऱ्या टाकल्या आणि जेवण झाल्यावर पदर तोंडावर घेऊन झोपली. दुपारी झोपलेली आई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मला तर इतकं शांत वाटत होतं की भीतीच वाटायला लागली होती.

संध्याकाळी बाबा ओट्यावर अस्वस्थ. उठायचे, फाटकापर्यंत जायचे, परत यायचे.

"इथं कुणाची शेड हाय?" त्यांनी आईला विचारलं.

"कसली शेड? समुद्र हाय तो."

"समुद्र न्हाय गं. लूम हायत. चार तरी असतील."

आई हसली. म्हणाली, "सुट्टीतसुद्धा लूम सुटत न्हायत तुमचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला घेऊन निघाले, लूम शोधायला. अख्खं गाव पालथं घातलं. शाळा, खाडीवरचा धक्का, मासे वाळत घातलेल्या दांड्या. वाटेत विचारावं म्हटलं तर त्यांना कुणाला विचारायचं नव्हतं. गावाच्या टोकाला एक बंद घर होतं, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. बाबा त्याच्या भिंतीला तळहात टेकवून उभे राहिले. शेडमध्ये ते लूमच्या लाकडाला असाच हात लावत. बराच वेळ उभे होते. मग मला म्हणाले, "लाव हात." मी लावला. भिंत गार होती आणि आत काहीही चालू नव्हतं.

"लागतंय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली, नाही.

माझी पाचावर धारण बसली. मला वाटलं, बाबांना बाहेरचं काहीतरी लागलं. घरी येऊन मी आईला तसं म्हणाले तर तिनं मला झापलं, "आपल्यात असलं काय मानत न्हाईत. पुन्हा बोललीस तर थोबाड फोडीन." पण त्या रात्री मी जागीच राहिले. तो आवाज मलाही येईल की काय, याची वाट बघत.

तिसऱ्या दिवशी बाबा वाळूत बसून कोळ्यांचं एक फाटकं जाळं सारखं करत होते. हात रिकामा ठेवणं त्यांना जमायचंच नाही. मला पाण्यात जायचं होतं आणि आईनं बाबांशिवाय जायचं नाही असं बजावलेलं. मी त्यांच्या पाठीमागून हाक मारली. दहा वेळा तरी मारली असेल. माझं डोकं सटकलं. मी म्हणाले, "बहिरे आहात का हो?" मग माझ्या तोंडात गल्लीतली एक सणसणीत शिवी आली, बापाला कुणी देत नाही तसली, आणि मी ती दिली. बाबांनी शांतपणे जाळ्याची गाठ दातांनी ओढली.

मी वळसा घालून त्यांच्या समोर गेले. त्यांनी वर पाहिलं आणि हसून विचारलं, "काय गं?"

मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले. "पाण्यात जाऊ?"

"जा की, पण गुडघ्यापर्यंत," बाबा म्हणाले.

मी गेले नाही. तिथंच रडायला लागले. बाबांना कळलं. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं आणि सगळं सांगितलं. दोन वर्षं झाली होती. आधी डावा कान गेला, मग उजवा. आत मात्र लूम थांबत नव्हते. भिवंडीत त्यांना वाटायचं की तो शेडचाच आवाज आहे, सगळ्यांनाच येत असणार. इथं येऊन कळलं की तो बाहेर नाहीच. शेडमध्ये ते लाकडाला हात लावून बिघाड ओळखत, आणि माणसं म्हणत, काय हात आहे उस्तादचा. आमच्या गावात कान गेलेला माणूस सहज लपून जातो, कारण ऐकू कुणालाच येत नसतं.

"आईला सांगू नको," बाबा म्हणाले. "ती दवाखान्यात बोलेल. दवाखान्यातनं शेडमध्ये जाईल. बहिऱ्या जॉबरला कोण ठेवतंय? मग मी करायचं काय? दुसरं मला काय येतं?"

मी शपथ घेतली. त्यांच्याच गळ्याची.

उरलेले दिवस मी बाबांचा कान झाले. त्यांना खेटून बसायचं, आईनं हाक मारली की गुडघ्याला हात लावायचा, काय म्हणाली ते बोटांनी सांगायचं. आईला वाटलं, लेकीला बापाची माया आली. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. घरातलं सगळ्यात मोठं गुपित माझ्याकडं होतं आणि माझ्यावाचून बाबांचं पान हलत नव्हतं. तेवढी सुखी मी पुढं लग्नातही नव्हते. याची मला आज लाज वाटते.

शेवटच्या संध्याकाळी बाबा ओट्याच्या कडेला समुद्राकडं तोंड करून बसले होते, मी त्यांच्या शेजारी. आई मागं तांदूळ निवडत होती. एकदम म्हणाली, "तुम्ही वर्षभर माझ्याशी धड बोलत न्हाय. विचारलं तर उत्तर न्हाय. माझं काय चुकलं ते तरी सांगा." तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. माझा हात बाबांच्या गुडघ्यापर्यंत गेला आणि थांबला. याची खूण मला कुणी शिकवलेली नव्हती. बाबा समुद्राकडं बघत राहिले. आई सूप उचलून आत गेली. भाताला उशीर झाला त्या दिवशी.

आम्ही परत आलो, शेड सुरू झाली, मी आठवीत गेले. आवाजात सगळं पुन्हा झाकलं गेलं. त्याच वर्षी दिवाळीनंतर एका लूमचा धोटा उडाला आणि कारागिराच्या डोळ्यात गेला. धोटा म्हणजे टोकाला लोखंड बसवलेलं लाकूड, लूममध्ये गोळीसारखं इकडून तिकडं फेकलं जाणारं. डोळा वाचला नाही. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. सगळे म्हणाले, उस्ताद, धोटा उडतो कधीकधी, तुमचा काय दोष.

महिन्याभरानं तो कारागीर आमच्या घरी आला. तिशीचा असेल, यूपीकडचा. मुलुखाला परत चालला होता. आई ड्युटीवर होती. बाबांनी त्याला खाटेवर बसवलं, मी चहा केला. पट्टी दिसू नये म्हणून त्यानं गमछा डोक्यावरून घेऊन तोंडापर्यंत गुंडाळला होता. खाली बघत, हळू बोलला.

"उस्ताद, आपको दो बार आवाज दी थी मैंने. लाइट गई थी, सब लूम बंद थीं, आप पीछेवाली पर झुके थे. मैंने बोला, ये धोटे को ठोकर ठीक नहीं मार रही, देख लो. आप मुडे नहीं. मैं समझा, उस्ताद ने सुन लिया, ठीक होगी तभी कुछ नहीं बोले. लाइट आई तो मैंने चालू कर दी." मग म्हणाला, "आपने सुना था ना?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला फक्त जाण्याआधी कळायला हवं होतं.

बाबांना त्याचे ओठ दिसत नव्हते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मांडीआड बोटं हलवली. काय म्हणतोय?

मी बोटांनी सांगितलं, गावाला चाललाय. राम राम करायला आलाय.

बाबांचा चेहरा सैल झाला. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, हसले आणि मोठ्यानं म्हणाले, "हां, हां. अच्छा किया."

कारागिरानं मान वर केली. उरलेल्या एका डोळ्यानं तो बाबांकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. चहा न पिताच उठला आणि चपला घालून गेला.

बाबांनी त्यानंतर सात वर्षं जॉबरचं काम केलं. तो माणूस काय विचारत होता, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा लूमला हात लावला नसता. ते मला तेव्हाच, बोटं हलवताना, माहीत होतं.