साखर घातलेली कॉफी

सांतियागो शहरावर धुरकट गारठा बसला होता. डोंगर असून नसल्यासारखे. पात्रोनातोच्या कापडगल्लीत ओदेत साफियेनं दुकानाचं शटर वर ढकललं, अस्तराचे तागे फळीवर मांडले, पॉपलीनवरची धूळ झटकली. आत धाकटा भाऊ फरीद कॉफी उकळत होता. त्यानं कप पुढं केला. एक घोट घेऊन ओदेत थांबली.

"साखर?"

फरीद खाली बघत म्हणाला, "ताई, गाझात चर्चच्या बाजूला बाँब पडले त्याला आठवडा झाला. विदादचा फोन लागत नाही."

"मी साखर मागितली, फरीद."

त्यांच्यात बिनसाखरेची कॉफी मयताच्या घरी पितात. विदाद त्यांची चुलतबहीण. बैत जाला या त्यांच्या मूळ गावाहून लग्न होऊन गाझात गेलेली, घर पडल्यावर पोरांना घेऊन चर्चच्या आवारात राहिलेली. ओदेतनं स्वतःच दोन चमचे साखर घातली, ढवळली, प्याली. रडू काही येईना. दातवाल्यानं सुई टोचल्यावर गाल होतो तसं सगळं अंग झालं होतं.

गल्लीतली चार माणसं आज सरकारी कचेरीत जायची होती. आपल्या सरकारनं नुसती चिंता बोलून दाखवू नये, युद्धबंदीसाठी जोर लावावा, एवढंच सांगायचं. बोलायचं ओदेतनं. गिऱ्हाईक हातचं जाऊ न देणारी तीच.

कचेरीचा पहारेकरी ओळखीचा निघाला. "या तुर्कीणबाई! आज इथं दुकान मांडताय का?" तिचे आजोबा तुर्की राज्याच्या कागदांवर या देशात आले, तेव्हापासून अख्खी गल्ली तुर्कच.

"तुझ्या बायकोच्या पडद्याचं कापड कधीचं येऊन पडलंय, ते ने आधी," ओदेत म्हणाली.

आत इग्नासियो नावाचा तरुण अधिकारी होता. पोरगा मवाळ. "मावशी, सरकारला फार काळजी वाटते. निदान काही तासांचा विराम मिळावा, असं आम्ही..."

"विराम म्हणजे पुन्हा सुरू होणारच ना रे? कात्री बाजूला ठेवली, तो विराम. शटर खाली ओढलं म्हणजे बंद. आम्हाला बंद हवंय. आणि ते तुम्ही मोठ्यानं मागायला हवंय."

"तिथं तुमचं कुणी...?"

"चुलतबहीण. आहे."

शिपायानं कॉफी आणली. इग्नासियो ओशाळून म्हणाला, "साखर नाही हं. साहेबांना डॉक्टरांनी बंद केली, म्हणून अख्ख्या कचेरीची बंद."

सोबत आलेल्या म्हाताऱ्या ओर्तेन्सियानं उचललेला कप तसाच खाली ठेवला. कुणीच हात लावेना.

"घ्या ना, गार होतेय."

"बाळा, ही कडू कॉफी आम्ही कुणी गेल्यावर पितो," ओदेत म्हणाली. "प्यायलो, की मेली असं आम्हीच कबूल केल्यासारखं."

इग्नासियोनं त्यांचे कप बाजूला घेतले. मग स्वतःचाही कप सरकवून म्हणाला, "'बंद' हाच शब्द वर कळवतो, मावशी. पुढचं साहेबांच्या हातात."

ती दुकानात परतली. फोन आला नव्हता. फरीदनं कप ठेवला आणि साखरेचा डबा शेजारी सरकवला.

"काय म्हणाले?"

"वर कळवतो म्हणाला."

"आणि?"

"आणि काय? काही नाही."

तिनं दोन चमचे साखर घातली. प्याली. गोड लागली की नाही, कळलं नाही.

तेवढ्यात एक बाई दारात आली. "पांढरं पॉपलीन दाखवा. मुलीचा चर्चचा फ्रॉक शिवायचाय. जरा जास्तच द्या हं, वाढतं अंग आहे."

"देते," ओदेत म्हणाली, आणि तागा उलगडून तिनं कापडाला पट्टी लावली.