परक्या हातची भाकरी

कुणी आपल्या कुत्र्याचं कौतुक सांगायला लागलं की मी तिथून उठते. ऐकवत नाही मला.

धारूरच्या बाजारातून नवऱ्यानं पिशवीत घालून आणलं होतं ते पिल्लू. काळं, पडक्या कानाचं आणि लई हेकट. दाव्यानं बांधलं की दावं कुरतडायचं, रागावलं की उलट माझ्यावरच भुंकायचं. एकदा चुलीपुढून हाकललं, तर माझी नवी चप्पल नेऊन उकिरड्यात पुरली मेल्यानं! नवरा हसून म्हणायचा, "तुझ्यावरच गेलंय."

दसरा झाला की आम्ही दोघं ऊसतोडीला जातो. मग सहा महिने घराला कुलूप. आदल्या साली चोरट्यांनी आमच्या जुन्या कुत्र्याला भाकरी टाकून गप्प केलं आणि कुलूप फोडून ज्वारी नेली. तेव्हाच मी ठरवलं, नवं पिल्लू परक्या हातचं खाणार नाही. ते शिकवायची आमच्याकडं रीत आहे. भाकरीत मिरचीचा ठेचा दडवायचा आणि तो घास दुसऱ्याच्या हातानं चारायचा.

दुसरं कोण मिळणार? शेजारची चुलत जाऊ. ती बारा महिने गावातच असते.

"नको गं बाई, मुकं जनावर हाय," ती म्हणाली.

"तुमी नुसती पुढं धरा, जाऊबाई."

पिल्लानं घास घेतला आणि केकाटत अंगणभर लोळलं. लगेच मी माझ्या हातानं दूधभाकरी चारली. असं पाच दिवस केलं. एवढं हट्टी पोरगं, दुसरं काही शिकलं नाही, हे मात्र पक्कं शिकलं. आल्यागेल्याला दाखवत सुटले मी.

दसऱ्यानंतर ट्रकात बसले. कुत्रं घर राखायला मागं ठेवलं. त्याला भाकरी घालायचं कुणावर सोपवलं? जाऊबाईवर! जळो माझं डोकं.

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. "अगं, तोंडच लावंना बघ. नुसतं पाण्यावर हाय. मरंल अशानं."

"फोन त्याच्या कानाशी धरा," मी म्हणाले आणि फडात उभी राहून ओरडले, "खा रे राजा, खा!" माझा आवाज ऐकताच ते भाकरी सोडून रस्त्याकडं पळालं म्हणे. मी कोयता टाकून रडले. नवऱ्याला म्हणाले, मी गावाकडं जाते. तो म्हणाला, "एकट्याच्यानं तोड होत न्हाई." खरंच होतं ते. मी गेले नाही.

जाऊबाई मग त्याच्याजवळ भुईवर बसायला लागली. आधी स्वतः घास खायची, उरलेला त्याच्यापुढं ठेवायची. आठव्या दिवशी त्यानं खाल्लं. फोनवर ऐकलं तेव्हा मी हात जोडले.

पाडव्याच्या सुमाराला घरी आले. हातपाय न धुताच भाकरी थापली, दुधात कुस्करली आणि हाक मारली. ते जाऊबाईच्या उंबऱ्यावरून उठून आलं. केवढं मोठं झालं होतं! माझा हात हुंगला, तिच्याकडं बघितलं आणि दोन पावलं मागं सरलं.

"घे की रे!" मी आधी स्वतः एक घास खाऊन दाखवला. तरी घेतलं नाही.

"घेईल गं हळूहळू," जाऊबाई खालच्या आवाजात म्हणाली.

तिचा काय दोष? त्याचा तरी काय? मी शिकवलं होतं तेच ते करत होतं.