दार उघडायला लावणाऱ्या कुंदाताई

कुंदाताई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या, तेव्हा आम्ही आमच्या मुलीला, वैशूला, काशीगावला तिच्या मावशीकडे पाठवून दिलं होतं. ताई येणार होत्या त्या वैशूलाच बघायला. पण घरी कोणी येणार म्हटलं की आधी तिला दुसरीकडे पोचवायचं, ही तोवर आमची रीतच होऊन बसली होती. माझ्या पत्नीने, शैलाने, नवी चादर घातली, कांदेपोहे केले. ताईंनी पोहे संपवले, खोलीवर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "घर छान ठेवलंय. आता मुलगी कुठे ठेवलीय ते सांगा."

ऐंशीच्या दशकाची ती अखेर. गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला फ्लॅट घेतला होता. वैशू आठ वर्षांची. दिवेलागणीच्या सुमारास तिचं काहीतरी बिनसायचं. मग ती किंचाळायची, भांडी फेकायची, स्वतःच्याच मनगटाला चावायची. शाळेने तिचं नाव काढून टाकलं होतं. ऑफिसात फोन वाजला की घरूनच असेल म्हणून मी धावायचो. माझ्या थोरल्या भावाने लांबच्या एका वसतिगृहात तिची सोय पाहिली होती आणि दिवाळीनंतर तिला तिथे नेऊन सोडायचं घाटत होतं. शैलाला अन्न गोड लागत नव्हतं. मला हो म्हणवत नव्हतं आणि नाहीही म्हणवत नव्हतं.

ताई पूर्वी मुंबईतल्या एका रुग्णालयात, मुलांच्या मानसोपचार विभागात समाजसेविका होत्या. ती नोकरी सोडून त्यांनी आमच्यासारख्या आईबापांसाठी भाईंदरात रविवारची पालकसभा सुरू केली होती. मी त्यांना घाईघाईने विचारलं, "बरी होईल ना?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काहीतरी सांगणार नाही."

मला त्यांचा चांगलाच राग आला. तोवर डॉक्टरांपासून ज्योतिषापर्यंत सगळ्यांनी होईल असंच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वैशूला परत आणलं आणि ताई दिवेलागणीला हजर झाल्या. आमच्या इमारतीत सगळ्यांची दारं दिवसभर उघडी असत. आमचं मात्र त्या वेळी बंद, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून रेडिओ मोठ्याने लावलेला. ताईंनी रेडिओ बंद केला आणि दार सताड उघडलं. मी हादरलोच. वैशूचं सुरू झालं तशी जिन्यात माणसं जमली. ताई तिच्यापासून हातभर अंतरावर फरशीवर बसल्या. लागेल, फुटेल असं सगळं त्यांनी बाजूला सारलं आणि शैलाला म्हणाल्या, "तुम्ही पोळ्या लाटत राहा." मग दाराकडे वळून, "देखना है तो अंदर आके बैठो. उभ्याने बघायचं नाही."

बहुतेक जण पांगले. शेजारच्या मंजुळाबेन तेवढ्या आत येऊन बसल्या. वैशू दमून गप्प होईपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या.

मंजुळाबेननी डोळे पुसले. "मेरे को तो लगता था आप लोग उसको मारते हो," त्या शैलाला म्हणाल्या. "मैंने मेरे हसबंड को बोला भी था, पुलिस में बोलो करके."

इतके महिने त्या आम्हाला का टाळत होत्या, हे तेव्हा कळलं. पुढे त्या रोज संध्याकाळी गवार नाहीतर वालपापडी घेऊन आमच्याकडे मोडायला बसू लागल्या. शैलाला तेवढ्यात खाली जाऊन येता येई. दिवाळी झाली आणि भाऊ वैशूला न्यायला आला, तेव्हा शैलाच पुढे होऊन म्हणाली, "भावोजी, ती इथेच राहणारेय." मी मान डोलावली.

ताईंचा स्वभाव कडक आहे. सभेत कोणी बायकोवर खापर फोडू लागला, तर चारचौघांत त्याचे कान उपटतात. पण कोणाच्या श्रद्धेची त्यांनी कधी टर उडवली नाही. जवळच्या खारी गावचे एक गृहस्थ एकदा म्हणाले, "बाई, पोराला बाहेरचं कायतरी हाय. भगताला दाखवल्याबिगर न्हाय जमायचं." ताई म्हणाल्या, "दाखवू की. मीपण येते. फक्त गोळी चुकवायची नाही." आणि त्या खरोखरच त्यांच्याबरोबर जाऊन आल्या. गोळ्याही चुकल्या नाहीत.

वैशू आता अठरा वर्षांची आहे. तिच्या तशा संध्याकाळी कमी झाल्या, पण तिची ताकद वाढली आणि आमची उतरली. शैलाला रक्तदाब आहे. गेल्या वर्षी ताई स्वतः आजारी पडल्या, त्या रविवारी आम्ही सगळे पालक सभेला जमलो आणि नुसते एकमेकांकडे बघत बसलो. बऱ्या होऊन परतल्या तेव्हा मी त्यांना एकटं गाठून विचारलं, "ताई, आमच्यामागे हिचं काय?"

त्या म्हणाल्या, "मलाही तीच भीती वाटते. म्हणून तर पथ्य पाळतेय."

कुंदाताई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो आणि त्यांचे हातपाय शेवटपर्यंत धड राहोत. दुसऱ्याला शुभेच्छा देताना स्वतःसाठी काही मागू नये, हे मला कळतं. तरी मागतो. आम्हा आईबापांनाही थोडं जास्त आयुष्य मिळो.