हमीदभाईची शिलाई

हमीदभाई गेल्याचं त्याच्या मुलाने घरी येऊन सांगितलं, त्याला आता महिना होईल. होतो तसाच शिरपूरला निघालो. मूठमाती देऊन परतताना बरोबरचा एक जण सहज म्हणाला, "शिलाई चांगली होती बिचाऱ्याची, पण त्या नावेच्या शिडाला काही टिकली नाही..." मी गप्प राहिलो. अकरा वर्षं गप्पच आहे. आता नाही राहणार.

गावाजवळ धरण झालं आणि माझं अर्धं वावर पाण्याच्या पलीकडे राहिलं. रस्त्याने वळसा घालायचा तर अर्धा दिवस जायचा. मी सुरतकडून एक जुनी, छोटी शिडाची नाव विकत आणली. ट्रकवरून उतरली तेव्हा भाऊबंद हसले. "नाना, आते बैल इकी टाक, मासा जुप!" डोलकाठीला भेग, शीड फाटकं. हमीदभाई शिरपूरला ताडपत्र्या शिवायचा. मी तिथल्या जिनिंगला कापसाच्या गाड्या न्यायचो, तिथली आमची दोस्ती. मी बोलावल्यावर त्याने येऊन नावेभोवती दोन फेऱ्या मारल्या, फाटक्या शिडाचं माप वितीने घेतलं आणि म्हणाला, "माले पवता येत नही, पन शिवता येस."

आठ दिवस तो सायकलवर येत होता. मी सागाची नवी डोलकाठी तासली, नावेच्या तळातल्या खाचेत उभी केली, तिन्ही बाजूंनी दोर ताणले, वर विहिरीची जुनी कप्पी बसवली. तो मेण ओढलेल्या दोऱ्याने शिवत बसायचा. कोपऱ्यांना पितळी कड्या, कडीभोवती कापड चौपदरी. एक टाका वाकडा गेला की सगळी ओळ उसवायचा. मी ओरडायचो, "हाऊ काय नवरदेवना अंगरखा शे?" तो मान वर करायचा नाही.

शिडाच्या खालच्या कोपऱ्याचा दोर हातात धरा, वारा वाढला की सैल सोडा, असं विकणाऱ्याने बजावलं होतं. मी तो नावेच्या काठाला बांधून टाकला. कापसाच्या गाडीची गाठ मारली, ओढ बसेल तशी आवळणारी. हमीदभाई म्हणाला, "नाना, हाऊ कापूस नही शे, वारा शे. दोर हातमां धर." मी म्हणालो, आयुष्यभर गाड्या बांधल्या, वाटेत एक बोंड पडलं नाही माझं. तरी तो पोहता येत नसताना माझ्यासोबत नावेत बसला.

मधोमध गेलो आणि डोंगराकडून वारा आला... नाव कलली, पाणी आत यायला लागलं. मी गाठीला झोंबलो, नखं तुटली, गाठ सुटेना. हमीदभाईने खिशातली कातर काढली. जाड दोर तिला कापेना. मग त्याने कडीच्या जरा वर, स्वतःच्या नव्या कापडातच कातर घातली आणि कोपरा कापून वेगळा केला. शीड मोकळं फडफडलं, नाव सरळ झाली.

वल्ही मारत परत आलो. काठावर भाऊबंद उभेच. "काय व्हयनं रे?" मी खाली वाकून नावेतलं पाणी उपसत राहिलो. हमीदभाई शीड गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "मन्हा टाका कच्चा पडना, भाऊ. कोपरा उसवना." सगळे हसले, त्याला.

गोष्ट शिरपूरपर्यंत गेली. दोन व्यापाऱ्यांनी ताडपत्र्यांचं काम दुसऱ्याला दिलं. मी म्हणालो, खरं सांगून टाकतो. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. माले हसतीन तर हसतीन. तुले हसतीन तर तू नाव इकी टाकशी, आन् वावर पडीत ऱ्हाई." मी विकलीच असती, हे त्याला माहीत होतं. त्याने नवा कोपरा शिवला, मी दोर हातात धरायला शिकलो. पलीकडचं वावर आजही पिकतं. हिवाळ्यात तो तिकडे भरीत खायला यायचा, पाणी संपेपर्यंत डोळे गच्च मिटून बसायचा.

तो कापलेला कोपरा माझ्या घरात खुंटीला आहे, कडीसकट. कापडाची कड सरळ आहे, कातरीची. कडीभोवतीचा एकही टाका हललेला नाही. ज्याला खोटं वाटत असेल त्याने यावं, चहा देईन, कोपरा हातात देईन... टाका ओढून पाहावा.