पीटी शंभर

बॉयलरवरच्या चाचांमुळे मी आज मिरजोळ्यात कामाला आहे. हे आधी सांगतो, बाकीचं नंतर. उमेदीची वर्षं आखातात घालवून ते परत आले होते, बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट त्यांच्याकडे होतं. मी लातूरकडचा, आठवीतून शाळा सुटलेला, आंब्याच्या पल्पच्या कारखान्यात त्यांच्या हाताखाली.

त्या हंगामात लाकूड फार जळत होतं, म्हणून बॉयलरला सेन्सर बसवायचे ठरले. मॅनेजरसाहेबांनी ऑफिसात सगळ्यांसमोर कॅटलॉग माझ्या हातात दिला आणि धुराड्यासाठी कुठला घ्यायचा ते विचारलं. मला वाटलं, मान दिला. मी बोट ठेवून वाचलं, ‘पीटी शंभर’, आणि म्हणालो, हा नको, धूर दोनशेच्या वर असतो, हा शंभरातच संपेल.

साहेबांनी मला तेच पुन्हा म्हणायला लावलं. मग शेजारच्या खोलीतून अकाउंटवाल्या बाईंना बोलावून तिसऱ्यांदा. तो शंभर तापमानाचा नव्हेच, आतल्या तारेच्या रेझिस्टन्सचा. खोलीत मला सोडून सगळ्यांना ते ठाऊक होतं, निदान हसले तरी सगळे. तेव्हापासून माझं नाव शंभर. शंभर, चहा सांग. घाटावर शंभराच्या पुढे मोजत नाहीत काय रे?

चौथ्या दिवशी साहेब म्हणाले, असल्या माणसाला बॉयलरजवळ ठेवणं म्हणजे माणसं मारणं. सोमवारपासून कोयी उचलायला जा. कोयी उचलणारे हंगाम संपला की घरी. आणि घरी मी ऑपरेटर झाल्याचं केव्हाच सांगून बसलो होतो.

उरलेले दोन दिवस चाचांनी मला सोडलं नाही. कॅटलॉग मिटून ठेवला. म्हणाले, आधी बॉयलरला काय विचारायचंय ते ठरव. धूर रोजच्यापेक्षा गरम, म्हणजे नळ्यांवर काजळी, पाण्याला उष्णता मिळत नाही. धुरात ऑक्सिजन जास्त, म्हणजे हवा फुकट तापवतोयस. आणि सेन्सर धुराड्याच्या टोकाला नको, नळ्या संपतात तिथेच लाव. वर फटीतून हवा शिरते न् यंत्र खोटं बोलतं.

सोमवारी कोयींकडे जायच्या आधी मी ऑफिसात साहेबांना हे सगळं चाचरत, पण बरोबर सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, पाठ केलंय. शंभर म्हणणारा तूच ना?

दाराशी उभे असलेले चाचा म्हणाले, “त्याला तसं मीच सांगितलं होतं, साहेब. चूक माझी.”

मी तोंड उघडलं. चाचा खालच्या आवाजात म्हणाले, “गप ऱ्हा.”

मी गप्प राहिलो. साहेब चाचांच्या पांढऱ्या दाढीकडे बघून म्हणाले, “म्हणजे थोरले शंभर तुम्ही. राहू दे याला बॉयलरवरच.” सगळे हसले. मीही हसलो. कोयींपासून सुटल्याचं हसू होतं ते, पण चाचांनी ते पाहिलं.

सेन्सर मी सांगितलं तिथेच बसले. चाचांना हंगामभर सगळे थोरले शंभर म्हणत राहिले, पावसाच्या तोंडावर वय झालं म्हणून त्यांना पुढे ठेवलं नाही. जाताना त्यांनी मला बॉयलरच्या सर्टिफिकेटच्या परीक्षेची पुस्तकं दिली. पहिल्या पानावर पेन्सिलीने नळ्यांचं चित्र होतं.

परीक्षा अजून व्हायची आहे. पास झालो की सर्टिफिकेट घेऊन आधी त्यांच्या घरी जाईन आणि त्यांना घेऊन त्याच ऑफिसात येईन. मॅनेजर असोत, अकाउंटवाल्या बाई असोत, सगळ्यांसमोर सांगेन, शंभर मी म्हणालो होतो. नोकरी गेली तरी सांगेन.